दूरध्वनीला लांबचा पल्ला देणारा गुराखी : मायकेल पुपिन

मोसम नदीच्या काठी वसलेल्या नामपूरसारख्या गावातून मुंबईला फोन लावायचा, म्हणजे एके काळी दिवसाचे काम असे. सकाळी ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचे आणि मग घंटी वाजण्याची वाट पाहत बसायचे. लाइन लागलीच तर टपाल कचेरीबाहेरच्या रस्त्यावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलावे लागे. आवाज चढवला की तो लांब जातो, अशी बोलणाऱ्याची भाबडी समजूत! बागलाणातल्या कांद्याचा भाव मुंबईला कळवणाऱ्या व्यापाऱ्यापासून सातासमुद्रापलीकडच्या शेअर दलालापर्यंत ही समजूत सर्वांचीच होती. वस्तुतः तारेतून जाणारा आवाज वाटेत विरत का जातो आणि तो विरू नये यासाठी काय करावे, याचे उत्तर घशात नव्हते, गणितात होते. ते गणित प्रत्यक्ष वापरात आणण्याचे श्रेय ज्यांच्या नावावर जमा आहे ते मायकेल पुपिन लहानपणी गुरे राखत असत. या श्रेयाची कथा मात्र वरवर दिसते तेवढी सरळ नाही.

मिहाइलो पुपिन यांचा जन्म इद्वोर या खेड्यातला. हे खेडे आज सर्बियाच्या व्होइव्होदिना प्रांतात आहे. त्या काळी ते ऑस्ट्रियन साम्राज्याच्या सरहद्दीवरील बानात भागात मोडत असे. जन्मवर्षाच्या १८५४ आणि १८५८ अशा दोन नोंदी आढळतात. स्वतः पुपिन १८५८ हे वर्ष मानत. वडील कोन्स्तांतिन हे गावचे प्रमुख, आपल्याकडच्या पाटलासारखे. पण त्यांना किंवा आई ओलिंपियादा यांना लिहिता-वाचता येत नसे. मुलाने शिकावे हा ध्यास मात्र आईचाच. अक्षरशत्रू असलेल्या या बाईने सर्बियन संतांच्या कथा आणि लोकगीते मुखोद्गत करून ठेवली होती. ज्ञान ही एक शिडी आहे आणि तिच्यावर चढायचे तर गाव सोडावे लागेल, हे तिनेच मुलाच्या मनावर बिंबवले.

उन्हाळ्यात गावची मुले रात्री बैलांची राखण करीत. शेजारच्या मक्याच्या उंच शेतांतून गुरेचोर येत आणि अंधारात जनावर मक्यात शिरले की ते गेलेच म्हणून समजावे. ओरडून एकमेकांना सावध करण्याची सोय नव्हती, कारण ते चोरालाही ऐकू गेले असते. म्हणून ही मुले लांब मुठीची सुरी जमिनीत रोवत, तिच्या लाकडी मुठीवर टकटक करीत आणि दूरवर पहुडलेला सोबती जमिनीला कान लावून तो इशारा ऐके. त्या पोराच्या ध्यानात एक गोष्ट आली. कुरणाच्या घट्ट जमिनीतून आवाज लांबवर जातो. नांगरलेल्या भुसभुशीत रानात मात्र तो लगेच मरतो. मोसम खोऱ्यातल्या नांगरटीत जमिनीला कान लावून पाहणाऱ्या कोणालाही हाच अनुभव येईल. पण असे का होते, हा प्रश्न त्या पोराने आयुष्यभर सोडला नाही. ध्वनी म्हणजे काय, प्रकाश म्हणजे काय, हे तो गावच्या गुरुजींना विचारी आणि गुरुजींकडे उत्तर नसे.

पुढे पान्चेव्हो या गावच्या शाळेत सिमोन कोस नावाच्या स्लोव्हेनी शिक्षकाने त्याला बेंजामिन फ्रँकलिनच्या पतंगाची गोष्ट सांगितली. आकाशातली वीज हा संताच्या रथाचा गडगडाट नसून विद्युत ठिणगी आहे, हे ऐकून घरी गेलेल्या मुलाला वडिलांनी पाखंडी ठरवले. आईने सांभाळून घेतले. पुढचे शिक्षण प्रागला. तेथे मन रमले नाही. वडिलांचे निधन झाल्यावर आईवर भार नको म्हणून त्याने एक धाडसी निर्णय घेतला. पुस्तके, घड्याळ, अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट असे असेल नसेल ते विकले आणि हॅम्बुर्गहून अमेरिकेला जाणाऱ्या ‘वेस्टफालिया’ या आगबोटीचे सर्वांत खालच्या वर्गाचे तिकीट काढले. मार्च महिन्यातला अटलांटिक आणि अंगावर उबदार कपडा नाही. गारठ्याच्या रात्री त्याने बोटीच्या धुराड्याला पाठ टेकून काढल्या.

२६ मार्च १८७४ रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन येथे उतरला तेव्हा त्याच्या खिशात पाच सेंट होते. अमेरिकेत ओळखीचे कोणी आहे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले असता त्याने तीन नावे सांगितली : फ्रँकलिन, अब्राहम लिंकन आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टोव. यांतली पहिली दोन माणसे हयात नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी त्याला आत सोडले. त्या पाच सेंटांचे त्याने आलुबुखाराचे सारण भरलेली पाय विकत घेतली. फोडून पाहतो तो आत नुसत्या बिया! नव्या देशाने दिलेला हा पहिला धडा.

यानंतरची पाच वर्षे अंगमेहनतीची. डेलावेअरमधल्या शेतावर खेचरे हाकणे, न्यूयॉर्कमध्ये कोळसा वाहणे, रंगकाम करणे आणि शेवटी कोर्टलँट रस्त्यावरच्या बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी. या कारखान्याला त्यांची पहिली विद्यापीठ म्हणायला हरकत नाही. बॉयलर सांभाळणाऱ्या जिम नावाच्या कामगाराने त्यांना उष्णतेचे कामात रूपांतर कसे होते हे भट्टीपाशी उभे करून दाखवले. बिलहार्त्स नावाच्या एका जर्मन सहकाऱ्याने लॅटिन आणि ग्रीक शिकवले. संध्याकाळी कूपर युनियनचे वाचनालय. १८७९ मध्ये ते कोलंबिया कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसले तेव्हा होमरच्या ‘इलियड’चे पहिले दोन सर्ग त्यांना तोंडपाठ होते. फी माफ झाली. कुस्तीतही त्यांनी नाव काढले. १८८३ मध्ये पदवी मिळाली, त्याच्या आदल्याच दिवशी ते अमेरिकेचे नागरिक झाले होते. मिहाइलोचे मायकेल झाले. पण सहीत ‘इद्वोर्स्की’, म्हणजे इद्वोरचा, हा शब्द लावण्याची हौस त्यांनी सोडली नाही.

पदवीनंतर केंब्रिजमध्ये गणित आणि तेथून बर्लिनला हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली भौतिकशास्त्र. फॅरेडे आणि मॅक्सवेल यांचे विद्युतचुंबकीय विचार त्यांनी या वर्षांत आत्मसात केले. १८८९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ते कोलंबियात परतले आणि नव्याने सुरू झालेल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात शिकवू लागले. विभागासाठी विटांची एक बुटकी इमारत मिळाली होती. विद्यार्थी तिला गोठा म्हणत. गुराख्याचा मुक्काम पुन्हा गोठ्यातच पडला, असा विनोद त्यांना नक्कीच सुचला असणार.

१८९६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. राँटगेनच्या क्षकिरणांची बातमी अमेरिकेत पोहोचताच पुपिन यांनी प्रयोग सुरू केले. सुरुवातीला एका छायाचित्रासाठी तासाच्या आसपास वेळ लागे. छायाचित्राच्या काचेवर प्रतिदीप्तिशील पडदा ठेवून त्यांनी हा वेळ काही सेकंदांवर आणला. बंदुकीचे छर्रे घुसलेल्या एका वकिलाच्या हाताचे त्यांनी घेतलेले चित्र हे क्षकिरणांचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग झाल्याच्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. परंतु त्याच वर्षी त्यांना न्यूमोनियाने गाठले. त्यांची शुश्रूषा करताना पत्नी सारा आजारी पडल्या आणि त्यातच त्यांचे निधन झाले. मागे राहिली लहानगी मुलगी. पुपिन यांनी पुन्हा विवाह केला नाही. क्षकिरणांचे काम त्यांनी सोडून दिले आणि कनेक्टिकटमधल्या नॉरफोक गावी शेत घेऊन ते मन सावरू लागले. तेथून परतल्यावर ज्या जुन्या विषयाकडे ते वळले, त्यानेच त्यांचे नाव झाले.

तो विषय समजून घ्यायचा तर त्या काळच्या दूरध्वनीची अडचण पाहिली पाहिजे. दूरध्वनीच्या तारेत दोन शत्रू असतात. एक रोध : तारेतून जाताना विद्युत लहरीची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होत राहते. दुसरी धारिता : जवळजवळ असलेल्या दोन तारा विद्युतभार साठवून धरतात आणि लहर मंदावते. याहून वाईट म्हणजे सगळे सूर सारख्या प्रमाणात क्षीण होत नाहीत. उंच सूर आधी विरतात, खालचे मागे राहतात आणि शब्दांचा गिचका होतो. जमिनीखालच्या केबलमधून तीस-चाळीस किलोमीटरपलीकडे बोलणे कळेनासे होई. खांबांवरच्या उघड्या तारांची स्थिती बरी. पण अंतर वाढवायचे तर तार जाड करण्यावाचून उपाय नव्हता. १८९२ मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागो ही शहरे दूरध्वनीने जोडली गेली तेव्हा सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरासाठी वापरलेल्या तांब्याच्या तारेचे वजन किलोमीटरमागे सव्वाशे किलोच्या जवळपास होते, आणि एका जोडणीला अशा दोन तारा लागत. पाच मिनिटे बोलण्याचे नऊ डॉलर पडत. त्या काळी अनेक कामगारांची आठवड्याची कमाई एवढी असे. शिकागोच्या पुढे मजल मारणे तांब्याच्या भावात परवडणारे नव्हते.

पुपिन यांनी स्वतः सांगितलेल्या हकिगतीनुसार त्यांना उत्तर सुचले ते १८९४ च्या उन्हाळ्यात, स्वित्झर्लंडमध्ये. फ्रेंच गणिती लाग्रांज याने ताणलेल्या दोरीवर ठरावीक अंतराने वजने अडकवली तर ती कशी कंप पावेल याचा विचार केला होता. हलकी दोरी हलवली की लाट लवकर विरते. तीच दोरी जड असेल तर लाट दूरवर टिकते. आणि दोरी सबंध जड करण्याची गरज नाही. योग्य अंतरावर छोटी छोटी वजने अडकवली तरी लाटेच्या दृष्टीने ती एकसलग जड दोरीच होते. अट एवढीच, की एका लाटेच्या लांबीत पुरेशी वजने यायला हवीत. विद्युत तारेत वजनाचे काम करते ते प्रवर्तन, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण. लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळून केलेली वेटोळी केबलमध्ये नेमक्या अंतराने बसवली तर आवाज लांब जाईल आणि स्पष्टही राहील. वेटोळी किती अंतरावर हवीत हे पुपिन यांनी गणिताने काढले आणि प्रयोगशाळेत शेकडो मैलांच्या केबलशी तुल्य अशी कृत्रिम तार उभारून पडताळून पाहिले. यातले मर्म अंतरात आहे. आधी काहींनी तारेत वेटोळी घालून पाहिली होती. पण ती चुकीच्या अंतरावर बसवल्याने फायदा होण्याऐवजी आवाज अधिकच बिघडला होता.

१४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९ जून १९०० रोजी ते मंजूर झाले. येथून कथेला वळण मिळते.

बोस्टनमध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचा तरुण अभियंता जॉर्ज कॅम्बेल याच प्रश्नावर काम करीत होता. त्याने वेटोळ्यांच्या अंतराचा नियम स्वतंत्रपणे काढला होता आणि प्रत्यक्ष केबलवर चाचणीही घेतली होती. मे १९०० मध्ये वेटोळी बसवलेली पहिली व्यावसायिक लाइन बोस्टनमध्ये सुरू झाली ती कॅम्बेलच्या कामावर, पुपिन यांच्या नव्हे. पण कंपनीने अर्ज करायला उशीर केला. दोघांच्या अर्जांचा वाद पेटंट कार्यालयात गेला. निकाल काहीही लागो, हक्क आपल्याकडेच राहावा अशा व्यापारी हिशेबाने कंपनीने पुपिन यांचे हक्क आधीच विकत घेऊन टाकले. निकाल पुपिन यांच्या बाजूने लागला. रोख रक्कम आणि पेटंटच्या मुदतीपर्यंत दर वर्षी ठरलेला हप्ता धरून त्यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. पाच सेंट घेऊन आलेला पोरगा धनिक झाला. कॅम्बेल कंपनीत पगारी अभियंताच राहिला. पुढे विद्युत गाळणीच्या शोधाने त्याचे नाव झाले हे खरे. पण या शोधावर त्याचे नाव लागले नाही.

आणि या दोघांच्याही आधी लंडनमध्ये एक माणूस होता. ऑलिव्हर हेव्हिसाइड. तार कंपनीतला माजी कर्मचारी, ऐकू कमी येणारा, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला. तारेत प्रवर्तन वाढवल्यास संदेश विकृत न होता जाईल हे त्याने १८८७ मध्येच सिद्ध केले होते आणि केबलमध्ये अंतराअंतराने वेटोळी बसवण्याची सूचना १८९३ मध्ये छापली होती. ब्रिटिश टपालखात्याचे प्रमुख अभियंते विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलटे होते. प्रवर्तन हा शत्रूच, असे ते मानत आणि त्यांच्या हाती अधिकार होता. हेव्हिसाइडने पेटंट घेतले नाही. अमेरिकन कंपनीने नंतर त्याला पैसे देऊ केले असता, संपूर्ण श्रेय मिळणार असेल तरच घेईन, असे म्हणून त्याने ते नाकारले असे त्याचे चरित्रकार सांगतात. १९२५ मध्ये टॉर्की येथे तो विपन्नावस्थेत वारला.

मग शोध कोणाचा? तत्त्व हेव्हिसाइडचे, याबद्दल आज अभ्यासकांत दुमत नाही. ते तारेवर प्रत्यक्ष उतरवण्याचे पहिले काम कॅम्बेलचे. पुपिन यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांनी स्वतंत्रपणे पूर्ण गणित मांडले, ते विद्वानांपुढे प्रसिद्ध केले आणि वेळेत अर्ज केला. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. यशाच्या शिखरावरून हेव्हिसाइडला त्याचे देणे मोकळ्या मनाने देऊन टाकणे पुपिन यांना अवघड नव्हते. ते त्यांनी पुरेसे केले नाही, ही त्यांच्या चरित्रातील उणी बाजू आहे. जग मात्र नाव विसरले नाही. युरोपात या वेटोळ्याला पुपिनचेच नाव पडले आणि फ्रेंच व जर्मन भाषांत तारेवर वेटोळी बसवण्याच्या क्रियेसाठी ‘पुपिनीकरण’ अशा अर्थाचे शब्दच रूढ झाले.

परिणाम मोठा होता. आवाजाचा पल्ला साधारण दुपटीने वाढला किंवा त्याच अंतरासाठी बारीक तार पुरू लागली. पहिल्या पंचवीस वर्षांत एकट्या अमेरिकेत तांब्यावरचा दहा कोटी डॉलरचा खर्च वाचल्याचा अंदाज आहे. १९११ मध्ये न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंत बोलणे शक्य झाले. वेटोळ्यांच्या बळावर गाठता येणारी ही जवळजवळ शेवटची सीमा. त्यापुढे आवाज वाटेत पुन्हा मोठा करणारी निर्वात नलिका लागली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा मार्ग सुरू झाला, तेव्हा नलिका आणि वेटोळी दोन्ही तारेवर होती.

गंमत अशी, की जी वेटोळी शतकभर उपकारक ठरली तीच इंटरनेटच्या युगात अडथळा बनली. पुपिनचे वेटोळे माणसाच्या बोलण्याचे सूर उत्तम नेते; त्यावरचे, साधारण साडेतीन हजार हर्ट्झच्या पुढचे, मात्र अडवते. तांब्याच्या त्याच तारेवरून चालणारे ब्रॉडबँड नेमके त्या वरच्या पट्ट्यात धावते. त्यामुळे अशा लाइनवर ब्रॉडबँड द्यायचे तर आधी वेटोळी शोधून काढून टाकावी लागली. भारतात बीएसएनएलने २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, त्यामागेही हेच तंत्र होते.

शिक्षक म्हणूनही पुपिन थोर होते. नोबेल मिळवणारे रॉबर्ट मिलिकन यांना जर्मनीत शिकायला जाण्यासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते. एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँग हा त्यांचाच विद्यार्थी आणि सहायक. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र व समाजशास्त्राचे अध्ययन करीत होते, तेव्हा पुपिन त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. दोघांची खेडी, भाषा, देश वेगळे. फी, वाचनालय आणि अपुरी झोप यांचा अनुभव मात्र फारसा वेगळा नसावा.

पहिल्या महायुद्धात पुपिन सर्बियासाठी राबले. न्यूयॉर्कमधील सर्बियाचे मानद वाणिज्यदूत म्हणून त्यांनी मदत गोळा केली. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत बानातच्या सीमेचा प्रश्न आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे आपल्या मातृभूमीची बाजू त्यांनी मांडली. बानातची फाळणी झाली. इद्वोर युगोस्लाव्ह बाजूला राहिले. १९२३ मध्ये आलेल्या ‘फ्रॉम इमिग्रंट टु इन्व्हेंटर’ या त्यांच्या आत्मचरित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. जमिनीतल्या सुरीची गोष्ट जगाला कळली ती त्यातूनच.

१२ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरात, ७ एप्रिलला, त्याच शहरात मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे यांनीही देह ठेवला. मुद्रणाचे खिळे पाडणारी यंत्रे घेऊन लंडन आणि न्यूयॉर्क पालथे घालणाऱ्या भिसे यांच्या वाट्याला पुपिन यांच्यासारखा साडेचार लाखांचा करार आला नाही.

कोलंबियातल्या भौतिकशास्त्राच्या इमारतीला पुपिन यांचे नाव देण्यात आले. २५ जानेवारी १९३९ रोजी अमेरिकेतला अणुविखंडनाचा पहिला प्रयोग त्याच इमारतीच्या तळघरात झाला. आणि इद्वोरमध्ये, ज्या कुरणात पोरे जमिनीला कान लावून झोपत त्या गावात, शेतकऱ्यांना वाचायला व शिकायला जागा असावी म्हणून त्यांनी दिलेल्या पैशातून उभे राहिलेले लोकगृह त्यांच्या मृत्यूनंतर १९३६ मध्ये पूर्ण झाले.